गव्हाच्या पानावरचे ठिपके

श्रोतेहो, नमस्कार.

गव्हाच्या पानावरून बोट फिरवलं आणि बोटाला तांबूस भुकटी लागली, की काळजात धस्स होतं. तांबेरा आला! कुणी त्याला गेरवा म्हणतं. पण शेजारच्या वाफ्यात दुसरं वाण असतं, बुरशी तिथंही उतरलेली असते, तरी बोट कोरडंच राहतं. पानावर दिसतात ते फक्त टाचणीच्या टोकाएवढे फिकट, वाळके ठिपके. मला आज त्या ठिपक्यांविषयी बोलायचं आहे.

झाडाच्या अंगात आपल्यासारख्या फिरत्या पांढऱ्या पेशी नसतात. प्रत्येक पेशीला आपली राखण स्वतःच करावी लागते. बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, कोळंबीच्या कवचात असतं तेच. गव्हात ते नसतं. म्हणून पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना कायटिनचे तुकडे लागले, की परका आल्याचं तिला कळतं. ती आपली भिंत जाड करते, कायटिन तोडणारी विकरं सोडते.

तांबेरा मात्र मुरलेला. तो पर्णरंध्रातून शिरतो आणि आपली प्रथिनं पेशीत सोडून ही सगळी धावपळ थंड करतो. प्रतिकारक वाणात पेशीच्या आत आणखी एक पहारेकरी असतो. तो ही प्रथिनं ओळखतो, आणि पेशी स्वतःहून मरते. तांबेऱ्याला जगायला जिवंत पेशीच लागते, त्यामुळे तो तिथंच उपाशी मरतो. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे पिकासाठी मेलेल्या अशा मूठभर पेशी. मला हे दरवेळी विलक्षण वाटतं.

पण बुरशीही रूप बदलते. राय या धान्यातून गव्हात आणलेल्या 'एसआर ३१' जनुकानं खोडावरच्या तांबेऱ्याला जगभर वर्षानुवर्षं रोखलं होतं. १९९८ साली युगांडात त्यालाही न जुमानणारी बुरशी सापडली. तिचं नाव 'यूजी ९९'. म्हणूनच आपल्या महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रातलं काम कधी संपत नाही. तिथल्या थंड, दमट हवेत गव्हाची वाणं तांबेऱ्यापुढं उभी करून पारखली जातात.

तुमच्या गव्हावर असे ठिपके दिसले, तर त्या पानाला दोरा बांधून ठेवा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा जा, बोट फिरवा. ठिपका तेवढाच असला आणि बोट कोरडं राहिलं, तर त्या पेशींनी तांबेऱ्याला तिथंच अडवलं आहे.