दोन नट आणि बुटांची रांग

[दृश्य: तालमीची जागा. मागच्या पडद्याखाली बुटांची रांग.]

नेपथ्य म्हणाल तर हे एवढंच. मागे ढगाळ आभाळ रंगवलेला पडदा, एक ट्रंक, दोन बुटकी स्टुलं आणि हे बुटांचे जोड. एवढ्या सामानात मारी जोन्स यांचं 'स्टोन्स इन हिज पॉकेट्स' उभं राहतं. आयर्लंडमधल्या केरी परगण्यात हॉलिवूडची कंपनी शूटिंगला आली आहे. दिवसाला चाळीस पौंड घेऊन अख्खं गाव कॅमेऱ्यासमोर गर्दी करून उभं आहे. त्या गर्दीतले हे दोघे, चार्ली आणि जेक. चार्लीचं व्हिडिओचं दुकान बुडालंय. जेक अमेरिकेहून रिकाम्या हातांनी परत आलाय.

आता डावीकडच्या नटाकडे नीट बघा. हा जेक. पाठीला बाक आला, हनुवटी पुढे आली, मान लटलटायला लागली. झाला मिकी! 'द क्वायट मॅन' या आयर्लंडमध्ये चित्रित झालेल्या जुन्या हॉलिवूड सिनेमातल्या गर्दीपैकी जिवंत उरलेला मी एकटाच, अशी फुशारकी मारत फिरणारा म्हातारा.

उजवीकडे चार्ली. त्याने खांदा मागे टाकला, मनगट सैल सोडलं, डोक्यावर नसलेली बट कानामागे सारली. ही कॅरोलाइन जिओव्हानी, अमेरिकन नायिका. विग नाही, रंगरंगोटी नाही. समोर चांगला बाप्या उभा आहे, हे दोन वाक्यांत आपण विसरून जातो.

अशी पंधरा पात्रं, दोघांत वाटलेली. विंगेत जायला सवड नाही. एक गिरकी घेतली की माणूस बदलला. ती गिरकी पुन्हा बघू, सावकाश.

[दृश्य: तीच गिरकी, संथ गतीत.]

आधी नजर फिरते, मग मान, पाय सगळ्यात शेवटी. एक श्वास चुकला, तर जेकचं वाक्य मिकीच्या आवाजात निघेल. लाखोंचे सेट लावणाऱ्यांनी ही चार सेकंदं जरूर बघावीत.

[दृश्य: बेलफास्ट. जुन्या लिनन गिरणीच्या भिंती.]

मारी जोन्स या बेलफास्टच्या. मूळच्या अभिनेत्री, पण कामं मिळेनात. १९८३ साली त्यांनी आपल्यासारख्याच घरी बसलेल्या चौघींना घेऊन शॅरबँक ही नाटकमंडळी काढली. पहिलं नाटक 'ले अप युअर एंड्स', नाटककार मार्टिन लिंच यांच्या साथीने रचलेलं. विषय होता, बेलफास्टच्या गिरणीतल्या बायकांनी १९११ साली केलेला संप. कामावर गाणं म्हटलं तर दंड, बोललं तर दंड, हसलं तरी दंड, असा मालकांचा नियम होता. या पाचजणी गिरणीत राबलेल्या म्हाताऱ्या बायकांकडे गेल्या, त्यांच्या आठवणी ऐकल्या, त्यांच्या तोंडची भाषा उचलली. हसण्यावर दंड लावणाऱ्यांचं नाटक करायचं, तर ते विनोदीच हवं ना!

[दृश्य: विंडसर पार्क, बेलफास्टमधलं फुटबॉलचं मैदान.]

याच मैदानावर १७ नोव्हेंबर १९९३ रोजी उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक विश्वचषकाच्या पात्रतेसाठी भिडले. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. पुढच्याच वर्षी जोन्सबाईंचं 'अ नाइट इन नोव्हेंबर' रंगमंचावर आलं. एकपात्री. बेकारभत्त्याच्या कचेरीतला प्रॉटेस्टंट कारकून केनेथ सासऱ्याबरोबर सामना बघायला येतो. आपल्याच लोकांनी कॅथलिकांच्या नावाने चालवलेली शिवीगाळ ऐकून त्याला स्वतःचीच लाज वाटायला लागते. आणि मग हा नाकासमोर चालणारा गृहस्थ विश्वचषकाला निघालेल्या आयर्लंडच्या संघामागे थेट न्यूयॉर्क गाठतो! बायको, सासरा, साहेब, सगळे एकाच नटाच्या तोंडून बोलतात. तिकडे आयर्लंड इटलीला १-० ने हरवतं. त्याच रात्री इकडे उत्तर आयर्लंडमधल्या एका गावातल्या पबमध्ये तोच सामना बघणाऱ्या सहा जणांना गोळ्या घातल्या जातात. नाटक तेही सांगतं.

[दृश्य: पुन्हा तालीम. बुटांची रांग.]

केरीच्या गोष्टीतही एक शॉन हार्किन आहे, गावातला तरुण पोरगा. नायिका बसली आहे म्हणून त्याला पबमधून बाहेर काढतात. तो खिशात दगड भरून पाण्यात शिरतो. अंत्ययात्रेपुरतं शूटिंग थांबवायलाही कंपनी कां-कूं करते.

[दृश्य: जेक झालेल्या नटाचा चेहरा. निवेदन नाही.]

हे नाटक आधी १९९६ साली डबलजॉइंट या मंडळीने केलं. १९९९ मध्ये बेलफास्टच्या लिरिक थिएटरने ते नव्याने बसवलं. नट कॉनलेथ हिल आणि शॉन कॅम्पियन, दिग्दर्शक जोन्सबाईंचे यजमान इयन मॅकेल्हिनी. 'गेम ऑफ थ्रोन्स' बघितलेल्यांनी या दोघांना ओळखलं असेल. लॉर्ड व्हॅरिस म्हणजे हिल, आणि सर बॅरिस्टन म्हणजे मॅकेल्हिनी. मग एडिंबरो, लंडन, २००१ साली उत्कृष्ट नव्या विनोदी नाटकाचा ऑलिव्हिए हा लंडनच्या रंगभूमीचा पुरस्कार, त्याच वर्षी ब्रॉडवे.

[दृश्य: नाचाची तालीम. आवाज वाढवा.]

आणि हा नाच. सिनेमातल्या जल्लोषासाठी गावकऱ्यांनी आनंदाने नाचायचं आहे. अख्खं गाव म्हणजे अर्थात हेच दोघे. ताल आयरिश, पाय वाऱ्यावर, चेहऱ्यावर दिग्दर्शकाने सांगितलेलं हसू. थांबले की लगेच पुढचा प्रवेश, धापा टाकायला वेळ नाही. म्हणून तालमीत नाच आधी चारदा होतो आणि मगच संवाद सुरू होतात.