निकोल्सनची दोन पदकं

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका वैमानिकाची गोष्ट सांगणार आहे. पण आधी थोडं त्याच्या विमानाबद्दल. दुसऱ्या महायुद्धातल्या हरिकेन या लढाऊ विमानात पेट्रोलची एक टाकी वैमानिकाच्या अगदी पुढ्यात असायची, इंजिन आणि घड्याळाकाट्यांच्या फळीच्या मधोमध. ती पेटली की पहिली झळ वैमानिकाच्या हातांना आणि तोंडाला. अशा वेळी शहाण्या माणसानं एकच करायचं. डोक्यावरचं झाकण मागे सरकवायचं, पट्टे सोडायचे आणि उडी टाकायची.

१६ ऑगस्ट १९४०. इंग्लंडचा दक्षिण किनारा, साउदॅम्प्टन शहराचं आकाश. ब्रिटिश हवाई दलाच्या २४९ स्क्वाड्रनच्या, म्हणजे विमानांच्या एका तुकडीच्या, हरिकेनमध्ये फ्लाइट लेफ्टनंट जेम्स ब्रिंडले निकोल्सन बसला होता. वय वर्षं तेवीस. एवढ्या वयाच्या पोराला मी अरेतुरेच करणार, राग मानू नका. १९३६ साली तो हवाई दलात आला होता, पण शत्रूशी प्रत्यक्ष गाठ पडायची ही पहिलीच खेप. मागून जर्मनांचं मेसरश्मिट हे लढाऊ विमान कधी आलं ते कळायच्या आत तोफेचे चार गोळे विमानात घुसले. एकानं डोळ्यापाशी दुखापत केली, एकानं पाय फोडला. आणि ती पुढ्यातली टाकी पेटली.

निकोल्सन उडी टाकायच्या बेतात होता. अर्धा उठलाही होता. तेवढ्यात त्याला समोर, बंदुकीच्या टप्प्यात, दोन इंजिनांची एक मेसरश्मिट दिसली. तो पुन्हा खाली बसला. आगीत. गोळीबाराची कळ दाबून धरली, तेव्हा त्याच्या हाताची कातडी फोड येऊन सुटत होती आणि ते तो डोळ्यांनी बघत होता. बंदुका चालवून झाल्यावरच तो बाहेर पडला.

हाल इथे संपले असं वाटेल, पण नाही. पॅराशूटच्या छत्रीला लोंबकळत खाली येताना जवळून एक जर्मन विमान गेलं, तेव्हा त्यानं मान टाकून मेल्याचं सोंग केलं. जमीन जवळ आली तर खालच्या होमगार्डनी त्यालाच जर्मन समजून छर्रे झाडले. मी आपलाच आहे असं तो ओरडत होता, पण ऐकतो कोण? त्याच्या तुकडीतला मार्टिन किंग हा कोवळा वैमानिकही त्याच वेळी छत्रीनं उतरत होता. त्याची छत्री हवेतच मिटली आणि तो गेला. निकोल्सन वाचला, पण पुढचे कितीतरी आठवडे इस्पितळात गेले.

१५ नोव्हेंबर १९४० ला सरकारी गॅझेटात नाव आलं : व्हिक्टोरिया क्रॉस, रणांगणावरच्या शौर्याचं ब्रिटिशांचं सर्वोच्च पदक. हा क्रॉस आपल्याला परका नाही. नामदेव जाधव आणि माणगावचे यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्रीच्या या दोन जवानांना तो इटलीच्या रणांगणावर मिळाला. पण ब्रिटिशांच्या सगळ्या फायटर कमांडमध्ये, म्हणजे लढाऊ विमानांच्या दलात, पूर्ण युद्धभर, तो एकाच वैमानिकाला मिळाला. निकोल्सनला. वीस-वीस, पंचवीस-पंचवीस विमानं पाडणारे वीर तिथे होते, त्यांनाही नाही. त्याला स्वतःलाही हे जडच गेलं असावं. घरी बायकोला त्यानं तार केली, तिचा मतलब एवढाच : क्रॉस मिळालाय, का ते ठाऊक नाही, पत्र मागाहून.

मला त्याचं खरं कौतुक वाटतं ते इथून पुढचं. भाजलेले हात घेऊन हा माणूस इंग्लंडात एखाद्या खुर्चीत बसून राहिला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण १९४२ मध्ये तो हिंदुस्थानात आला. आधी कलकत्त्याला कचेरीचं काम, आणि ऑगस्ट १९४३ पासून वर्षभर २७ स्क्वाड्रनचा प्रमुख. या स्क्वाड्रनच्या चिन्हावर चक्क हत्ती आहे! बंगालच्या बाजूनं उडायचं, ब्रह्मदेशात शिरायचं, झाडांच्या शेंड्यांवरून जाऊन जपान्यांची रेल्वे इंजिनं आणि नद्यांतल्या मालाच्या होड्या फोडायच्या. बोफायटर ही लढाऊ विमानं होतीच, जोडीला मॉस्किटो आली. ती चक्क लाकडी विमानं, सरसानं जोडलेली. इकडच्या उष्ण, दमट हवेत लाकडाचे जोड टिकतील का, ही चिंता वैमानिकांच्या मानेवर कायमची. पहिलं पदक काही मिनिटांचं होतं. हे काम रोजचं, महिनोन्महिन्यांचं. ऑगस्ट १९४४ मध्ये त्याबद्दल त्याला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. पहिल्या पदकाबद्दल पानंच्या पानं लिहिली गेली, या दुसऱ्याची बहुधा एका ओळीत बोळवण होते.

यानंतर तो विंग कमांडर म्हणून मुख्यालयात होता. उडायची सक्ती नव्हती. तरी २ मे १९४५ ला, अठ्ठाविसावा वाढदिवस होऊन तीन दिवस झाले असताना, बंगालमधल्या सालबनीच्या ३५५ स्क्वाड्रनच्या लिबरेटर बाँबफेकी विमानातून तो निरीक्षक म्हणून गेला. वाटेत इंजिनाला आग लागली. पुन्हा आगच. विमान कलकत्त्याच्या दक्षिणेला बंगालच्या उपसागरात कोसळलं. दोघं वाचले, त्यांत निकोल्सन नव्हता. दुसऱ्याच दिवशी दोस्तांचं सैन्य रंगूनमध्ये शिरलं, आठवडाभरात जर्मनी शरण आली.

त्याचा देह मिळाला नाही, त्यामुळे थडगं नाही. ज्यांना थडगं नाही अशा हजारोंच्या यादीत सिंगापूरच्या स्मारकावर त्याचं नाव कोरलेलं आहे. आणि व्हिक्टोरिया क्रॉस? तो त्याच्या पत्नीनं १९८३ मध्ये लिलावात काढला. युद्धातल्या विधवांना सरकार देतं ती पेन्शन पुरत नाही, हे तिला चारचौघांत सांगायचं होतं. बोली चढत चढत १,१०,००० पौंडांवर गेली. पदक आता लंडनमध्ये, हवाई दलाच्या संग्रहालयात आहे.

नमस्कार.