त्रिनिदादला गेलात तर कुठं जेवाल?

नमस्कार श्रोतेहो.

ओळखीतल्या दोन कुटुंबांनी या उन्हाळ्यात मला एकच प्रश्न विचारला. "आम्ही वेस्ट इंडिजला फिरायला निघालोय, तिकडं जेवणाचं काय?" त्यांच्या आवाजात काळजी होती आणि त्यांच्या बॅगेत तीन किलो खाकरे होते. आज मी त्यांच्याशी आणि तुमच्याशी एका बेटाबद्दल बोलणार आहे, त्रिनिदादबद्दल. माझा मुलगा तिथल्या पॉइंट लिसासच्या कारखान्यांत नोकरीला होता. त्याच्याकडे मी पाच आठवडे राहिले आणि रोज बाहेर खाल्लं.

आधी थोडक्यात सांगते, लिहून घ्यायची गरज नाही, कानात ठेवा. सकाळी डबल्स. दुपारी रोटी. संध्याकाळी सवाना. पुन्हा सांगते, सकाळी डबल्स, दुपारी रोटी, संध्याकाळी सवाना. हॉटेलातल्या जेवणाच्या हॉलमध्ये याची मजा नाही, ते सगळं रस्त्यावर मिळतं.

डबल्स म्हणजे काय? हळद घातलेल्या पिठाच्या दोन मऊ, तळलेल्या पुऱ्या. त्यांना म्हणतात बारा. हा आकडा नव्हे, आपल्या वड्याचंच ते भोजपुरी रूप आहे. त्या दोन पुऱ्यांवर रसरशीत छोले, वर चिंचेची चटणी, काकडी, आणि किसलेल्या कैरीचं मोहरीच्या तेलातलं लोणचं. त्या लोणच्याला कुचेला म्हणतात. आपला तक्कू आठवतो की नाही? हे सगळं कागदात गुंडाळून हातात देतात आणि उभ्या उभ्या खायचं. प्रिन्सेस टाउन नावाच्या गावात १९३६ च्या सुमारास एका जोडप्यानं हा पदार्थ विकायला सुरुवात केली. आधी एकच बारा असायचा, गिऱ्हाईक म्हणायचं 'डबल कर', म्हणून नाव डबल्स. गाडीवाला फक्त एक विचारतो, तिखट किती? 'स्लाइट' म्हणा. याच बेटावर मोरुगा म्हणून भाग आहे, तिथल्या विंचू मिरचीला २०१२ साली जगातली सगळ्यात तिखट मिरची ठरवलं होतं. तेव्हा पहिल्या दिवशी स्लाइट.

दुपारी रोटी. रोटीच्या दुकानात दोन प्रकार विचारतील. एक दालपुरी, म्हणजे वाटलेल्या पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेली पातळ, रुमालाएवढी पोळी. दुसरी 'बस-अप-शट'. तव्यावरच लाकडी उलथन्यानं बडवून चिंध्या केलेला पराठा. फाटक्या शर्टासारखा दिसतो म्हणून हे नाव. बरोबर भाजी निवडायची. भोपळा, छोले-बटाटा, चवळीच्या शेंगा, अळू, आणि बाठ्यासकट शिजवलेली कैरीची आमटी. मांसाहारी मंडळींना कोंबडी, बकरा, बदक. शाकाहारी माणसाला या बेटावर उपाशी राहायचं असेल तर मुद्दाम प्रयत्न करावे लागतील.

आता हे सगळं तिथं आलं कुठून, हे बहुतेकांना ठाऊक असेल. ३० मे १८४५ ला 'फतेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून तिथं पोचलं, सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन. उसाच्या मळ्यांवर करारानं बांधलेली माणसं. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार लोक असे गेले, बहुतेक आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातले आणि बिहारमधले. आपल्या बाजूचे जवळजवळ नाहीत. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण आता मला जे सांगायचंय ते तिच्यावरच आहे.

दक्षिणेला सान फर्नांडोच्या पुढं डेबे नावाचं गाव आहे. मोठ्या रस्त्याला लागून ओळीनं टपऱ्या. तळणाचा वास दुरूनच येतो. शनिवारी संध्याकाळी मुलानं गाडी थांबवली. मी काचेआड बघते तर फुलोरी, म्हणजे डाळीच्या पिठाची गोल भजी. कचोरी. 'आलू पाय', म्हणजे बटाट्याचं सारण भरून तळलेली पुरी. आणि एका ताटात हिरव्या-पिवळ्या वळ्यांच्या जाड चकत्या. मी मुलाचा दंडच धरला. म्हटलं, "अरे, ही अळूवडी आहे!"

टपरीवरच्या बाई पन्नाशीच्या असाव्यात. हातात पितळेच्या दोन बांगड्या. त्या म्हणाल्या, "नाही आंटी, ही सहिना." मी एक घेतली. तोंडात घातली, आणि मला राजापूरची आमची माडी दिसली. आमच्याकडे न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर अळू लावलेला असायचा. काळ्या देठाचा वडीला, पांढऱ्या देठाचा फदफद्याला. आई गणपतीत सकाळी पानं खुडून आणायची.

मी विचारलं, "पानं तुम्ही स्वतः लाटता?" त्यांना काही कळेना. मग मी टपरीच्या मागच्या बाजूनं आतच गेले. तिथं अळूची पानं रचून ठेवलेली होती, तिकडे त्याला दशीन म्हणतात. त्या अंगठ्याच्या नखानं मधली शीर खरवडून काढत होत्या. मी म्हटलं, लाटणं द्या. खुणेनं दाखवलं. त्या हसून म्हणाल्या, "बेलना?" आणि बेलना दिला. मी पान उलटं ठेवलं, त्याच्यावरून बेलना फिरवला, शिरा दबल्या, पान कापडासारखं मऊ झालं. त्यांनी ते हातात घेऊन दोन बोटांत चोळून बघितलं.

मग आम्ही दोघी बसलो. डाळीच्या पिठात त्या हळद, लसूण, जिरं घालतात. जिऱ्याला गीरा म्हणतात. चिंच-गूळ आत घालत नाहीत, आंबटगोड ते वरून चटणीतून येतं. मी विचारलं, "मग घसा खाजत नाही?" कारण आपण चिंच घालतो ती चवीसाठी आणि खाजेसाठीही. त्या म्हणाल्या, "पान कुठलं खुडायचं ते कळलं पाहिजे. मला आजीनं शिकवलं."

श्रोतेहो, आजी. त्या बोलत होत्या इंग्रजी, त्यांचं ते गात गात बोललं जाणारं इंग्रजी, आणि त्या सगळ्या वाक्यात एकच शब्द माझ्या घरातला. मी म्हटलं, "काय म्हणालात?" त्यांना वाटलं मला समजलं नाही. त्या सावकाश म्हणाल्या, "आजी. वडिलांची आई. आणि वडिलांचे वडील ते आजा." आईकडचे ते नाना आणि नानी. मी म्हटलं, "माझ्या नातवंडांची मी आजीच आहे. आमच्या भाषेतही हाच शब्द." माझा मुलगा बाहेरून हाका मारत होता, गाडी रस्त्यात उभी आहे म्हणून. आम्ही दोघी पिठाच्या हातांनी तशाच बसून राहिलो. मधे कोणी काही बोललं नाही.

त्यांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, उद्या घरी पूजा आहे, या.

रविवारी गेलो. घर ओळखायला सोपं होतं. अंगणात कोपऱ्याला बांबूवर रंगीबेरंगी झेंड्या, त्यांतला तांबडा हनुमानाचा. मागच्या बाजूला चुलीवर मोठमोठ्या कढया. एक मुलगी रवी फिरवून डाळ घोटत होती. रवीला ते घोटनी म्हणतात. पराठे बडवायचं लाकडी उलथनं, त्याला दाब्ला म्हणतात. मग कोणीतरी ओरडलं, "आता डाळ चुंके करा!" आणि कढत तेलात लसूण आणि जिरं पडलं, लसूण काळपट होईपर्यंत थांबले, आणि ते तेल चर्रकन डाळीत ओतलं. फोडणी हो! आपण आधी घालतो, ते शेवटी घालतात, पण तो आवाज तोच आणि तो धूर डोळ्यांत जातो तोही तसाच.

जेवण पानावर. केळीचं नव्हे, तिथं सोहारीचं पान म्हणतात, रुंद आणि खालून पांढुरकं. पंगत बसली. भात, डाळ, पराठ्याच्या चिंध्या, भोपळा, छोले-बटाटा, अळूची भाजी, कैरी, लोणचं, शेवटी खीर. वाढणारी मुलं ओळीतून बादल्या घेऊन फिरत होती. सगळे हातानं जेवत होते. तिथं चमचा मागणाऱ्या पाहुण्याकडे दोन पोरांनी वळून बघितलं. आणि का बघू नये? हातानं जेवण्यात ज्यांना कमीपणा वाटतो त्यांची मला नेहमी चिंता वाटते. बोटांना अन्नाची ऊब कळली नाही तर जिभेला काय कळणार? आमच्या सोसायटीत लहान मुलांच्या वाढदिवसाला आमटी-भातसुद्धा काट्यानं खायला लावतात, ते मला मुळीच पटत नाही.

निघताना त्या बाईंनी मला विचारलं, तुमच्याकडे ही सहिना कशी असते, सांगा. मी सांगितलं. चिंच-गूळ, तीळ, आधी वाफवायची, मग चकत्या करून तळायच्या. त्यांनी वहीत लिहून घेतलं. 'वाफवायची' या शब्दाखाली रेघ मारली. पुढच्या शनिवारी आम्ही डेबेला गेलो तेव्हा ताटात दोन प्रकार होते. एकीकडे त्यांची, दुसरीकडे चिंच-गुळाची. त्यांनी मला म्हटलं, "आजी, चाखा." चिंच थोडी जास्त झाली होती. पण उंडा घट्ट बांधला होता, एकही थर सुटला नव्हता.

असो. घड्याळ पुढं गेलंय, आता भराभर सांगते.

संध्याकाळी सवाना म्हटलं ना. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये क्वीन्स पार्क सवाना म्हणून मोठं मोकळं मैदान आहे. अंधार पडला की कडेनं गाड्या लागतात. शहाळं, आणि कणसाचं दाट सूप. त्यात कणसाचे तुकडेच घालतात, हातात धरून चोखायचे. तिथून फार लांब नाही ते क्वीन्स पार्क ओव्हल. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं ते याच मैदानावर, आणि सुनील गावसकर पहिली कसोटी खेळले तीही हीच. मी फाटकाशी पाच मिनिटं उभी राहिले. मग सेंट जेम्स भागात जाऊन जेवले, तिथं रात्री उशिरापर्यंत गाड्या चालू असतात.

समुद्रावर जाणार असाल तर माराकास. राजधानीहून डोंगरातून तासाभराची वाट. तिथला प्रसिद्ध पदार्थ 'बेक अँड शार्क'. तळलेला पाव आणि आत मोरी मासा. मी मोरी खाल्ली नाही. शार्क जगभर कमी होत चाललेत, आणि त्याच टपऱ्यांवर किंगफिशही मिळतो, तो आपल्या सुरमईच्याच कुळातला. तोच मागा. त्यावर हिरवी चटणी घालून घ्या, ती शाडो बेनीची असते. तिला भारतीय वंशाची मंडळी बनधनिया म्हणतात, म्हणजे रानची कोथिंबीर. लांब पान, कडेला दाते, वास कोथिंबिरीच्या चौपट.

शेजारच्या टोबॅगो बेटावर गेलात तर स्टोअर बे. तिथं बायका चालवतात त्या खानावळी एका ओळीत आहेत. खेकड्याचं कालवण आणि पिठाचे चपटे गोळे. मालवणच्या माणसाला वेगळं काही सांगायला नको, फक्त नवा सदरा घालून बसू नका.

दिवाळीत गेलात तर चाग्वानासला दिवाळी नगर भरतं, १९८६ पासून. तिथं सगळं जेवण शाकाहारी. आणि त्यांचा कुरमा घ्या. नाव ऐकून फसू नका, ती भाजी नाही. पाकात घोळवलेले शंकरपाळे, आल्याची चव असलेले.

पुन्हा एकदा, सकाळी डबल्स, दुपारी रोटी, संध्याकाळी सवाना. जिथं स्थानिक लोकांची रांग आहे तिथं उभे राहा. टपरीवर सुटे पैसे लागतात, ते खिशात ठेवा, आणि शेवटच्या दिवशी सगळे खर्चून टाकू नका. पियार्को विमानतळाच्या बाहेरही डबल्स मिळतात. माझं विमान रात्रीचं होतं. मुलानं सामान ढकलत नेलं आणि मी मागं राहून दोन घेतले. एक तिथंच खाल्ला. दुसरा कागदात घट्ट गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि विमान सुटायच्या आधी संपवला.

नमस्कार.