मावशी, पक्षी कुठेत?

नमस्कार श्रोतेहो.

आदल्या दिवशीची आमटी जास्त चांगली लागते, हे तुम्हाला मी काय सांगायचं! मालिकेतलं दुसरं पुस्तक मला तसंच लागतं. पहिल्यात फोडणीची धावपळ, दुसऱ्यात सगळं मुरलेलं. त्यात गोष्ट आपल्या ओळखीच्या शहरातली असली, की वर तुपाची धार.

पुस्तक आहे कसॅन्ड्रा क्लेअर यांचं 'क्लॉकवर्क प्रिन्स'. 2011 साली आलं, तीन भागांतला हा दुसरा. शहर लंडन, साल 1878. टेसा नावाची मुलगी, हवं त्याचं रूप घेऊ शकते. विल आणि जेम सैतानी शक्तींशी लढणारे, एकमेकांसाठी जीव देणारे मित्र, आणि दोघांचाही जीव टेसावर. गोष्ट एवढीच सांगते. आजीनं हडळ सांगितली की ते संस्कार, आणि नातीनं असलं काही वाचलं की वेळ फुकट, हा न्याय मला कधी कळला नाही. असो.

तर ओळखीचं शहर. मी लंडनमध्ये सहा वर्षं नोकरी केली. थेम्स नदीवरचा ब्लॅकफ्रायर्स पूल रोज पायी ओलांडायचे, मान खाली, हातात डबा. आणि पहिल्या भागात जेम टेसाला नेमका याच पुलावर आणतो! त्याची ती आवडती जागा. माझी ती ऑफिसला उशीर होण्याची जागा.

सुट्टीत पंधरा वर्षांची भाची आली. म्हटलं, चल, राणीचा राजवाडा दाखवते. म्हणाली, "मावशी, राजवाडा राहू दे. पूल दाखव." दुसरा भाग बगलेत मारून निघाली.

पुलावर भन्नाट वारा. पूर्वेच्या कठड्याशी ती थबकली. "मावशी, हे काय?" पाण्यात लाल रंगाचे जाडजूड खांब, ओळीनं उभे, आणि त्यांच्यावर काहीच नाही. पूल नाही, रूळ नाहीत. सहा वर्षं मी ते बघत होते, म्हणजे बघत नव्हतेच. तो 1864 चा रेल्वेपूल. वरचा भाग 1985 साली काढला, खांब राहिले. भाची हिशेब करत म्हणाली, "म्हणजे टेसाच्या वेळी यावरून गाडी जायची! आता हे पुलाचं भूत आहे."

मग मलाही चेव आला. आम्ही उभ्या होतो त्या ब्लॅकफ्रायर्स पुलाच्या खांबांवर दगडात पक्षी कोरलेत, हे कधीतरी ऐकलं होतं. समुद्राकडच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला, समुद्रपक्षी. वरच्या अंगाला गोड्या पाण्यातले. लक्षात ठेवा, पूर्वेला खारे, पश्चिमेला गोडे. पण ते खांबावर, वरून दिसणार कसे? मी कठड्यावरून वाकले. भाचीनं माझी ओढणी घट्ट धरली आणि ओरडत राहिली, "मावशी, पक्षी कुठेत? पक्षी कुठेत?"

एक सायकलवाला करकचून थांबला. अगदी हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसं विचारलं, "मॅडम, तुम्ही ठीक आहात ना?" मी वाकलेल्या अवस्थेतच म्हटलं, "हो, पक्षी शोधतेय." त्यानं भाचीकडे पाहिलं. भाचीनं गंभीरपणे मान हलवली. त्यानं सायकल टेकवली आणि तोही वाकला. मग एक आजीबाई कुत्र्यासह थांबल्या. चार मिनिटांत कठड्यावरून पाच डोकी खाली. लंडनला माणसं एकमेकांशी बोलत नाहीत म्हणतात. अहो, बोलतात, त्यांना बघायला काहीतरी द्यावं लागतं. (चहा मात्र त्यांना येत नाही. उकळायचा असतो हो तो!)

पक्षी आजीबाईंना दिसला. कुत्रा भुंकला, सायकलवाला टाळ्या वाजवून निघून गेला.

घरी येऊन मी दुसरा भाग दोन रात्रींत संपवला. लंडनचं प्रत्येक नाव आलं की थांबायचं. इथून तिथे चालत इतक्यात पोचेल का ही? तिथे तेव्हा दिवा होता का? ओळखीच्या शहरातली गोष्ट वाचताना वाचक तिकीट तपासनीस होतो, आणि तीच तर मजा! माझा जीव जेमवर, भाचीचा विलवर. त्यावरून जेवताना दोन दिवस अबोला.

तिसरा भाग तिनं परतीच्या विमानात वाचला. उतरल्याउतरल्या फोन, आवाज रडवेला. "मावशी, शेवटचं पान. आपल्याला पुन्हा पुलावर जायला हवं." का, ते सांगत नाही. अजून तुमचा तिसरा भाग बाकी आहे.

नमस्कार.