रिव्हर्सचा दिवा

बसा राजेहो, मागचे थोडे पुढं या, कूलर इकडंच आहे. पाऊण तास दिलाय मला, त्यातली पंधरा मिनिटं हार-नारळातच गेली. फलकावर लिहिलंय "ऑटोमॅटिक गाडीतील रिव्हर्सचे निदान", तर ते शेवटी सांगतो, पक्कं. आधी माझी फजिती ऐका.

मी तीस वर्षं पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमधे पोरांना प्लॅनेटरी गिअर, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आतले गिअर, शिकवले. सन गिअर मधे, भोवती प्लॅनेट, बाहेर रिंग. प्लॅनेट ज्या चौकटीवर बसतात तो कॅरिअर धरून ठेवला आणि सन फिरवला की रिंग उलटी फिरते, हाच रिव्हर्स. झोपेतून उठवून विचारा, काढून दाखवतो आकृती. आणि माझ्याच गाडीचा रिव्हर्स गेला तेव्हा मी ऑफिसातल्या बाबूसारखा स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो.

जागा कोणती तर नागपूरच्या महाल भागातली गल्ली, सासुरवाडी. एका बाजूला मोरी, दुसऱ्या बाजूला कोणाची तरी बुलेट, पुढं मांडव टाकलेला. मांडवात गाडी घालणार का? लिव्हर आरवर, म्हणजे रिव्हर्सला टाकली, अॅक्सिलरेटर दिला, इंजिन बोंबलून राहिलं पण गाडी ढिम्म. मे महिना, दुपारची वेळ, आणि सासऱ्यांच्या ओसरीवर बसलेले सगळे पाव्हणे एकजात ड्रायव्हिंगचे तज्ज्ञ. शेवटी एनमधे, म्हणजे न्यूट्रलला टाकून पोरांनी ढकलली. साळ्यानं विचारलं, "भाऊजी, तुम्ही तर हेच शिकवता ना?" अजून विचारतो तो.

मग वर्कशॉपात नेली. नाव घेत नाही, वर्धा रोडवर होतं एवढंच. पाच मिनिटं गाडी पाहिली आणि म्हणे गिअरबॉक्स उतरवावा लागंल, एक लाख चाळीस हजार. काहून? तर "रिव्हर्स लागत नाही म्हणजे क्लच जळला". ऑइल पाहिलं का? नाही. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला का? नाही. डब्यात, म्हणजे गिअरबॉक्समधे, हात घालायच्या आधी डब्याला काही विचारायचं असतं, पण नाही, सरळ पोट फाडायला निघाले. ह्यालाच माझा राग आहे आणि ह्याच्यासाठीच मी आज बोलायला आलो.

तीन आठवडे मी रिव्हर्सशिवाय गाडी चालवली. म्हणजे कुठं जायचं ते ठिकाणावरून नाही, पार्किंगवरून ठरायचं. सीताबर्डी बंद, इतवारी तर विचारूच नका, धरमपेठेत फक्त कोपऱ्यावरचं दुकान. आमची ही म्हणाली, तुमच्यापेक्षा सायकलरिक्षा बरा, तो निदान उतरून ओढतो तरी.

आणि सापडलं कोणाला, तर शेजारचा पोरगा, नववीतला. मी आर टाकून बसलेला, तो मागं उभा. म्हणाला, "काका, मागचा पांढरा दिवा लागूनच नाही राहिला. आणि ते टीं-टीं पण नाही वाजत." बस्स! तीस वर्षं फुकट गेली माझी.

बहुतेक गाड्यांत हा दिवा लावणारा स्विच गिअरबॉक्सवरच्या शाफ्टला असतो, तुमच्या हातातल्या लिव्हरला नाही. तुमच्या हातानं काय केलं ते तो सांगत नाही, डब्याला काय समजलं ते सांगतो. मी लिव्हर थोडी एनकडं दाबून धरली आणि दिवा लागला, टीं-टीं वाजलं, गाडी मागं! वाडीच्या मिस्त्रीनं खाली लोळून पाहिलं तर लिव्हरपासून डब्यापर्यंत जाणाऱ्या सिलेक्टर केबलच्या टोकाचं प्लास्टिकचं बुश झिजलेलं. लिव्हर आरवर, डबा पी (पार्किंग) आणि आरच्या मधे कुठंतरी. बुश बदललं, केबल सेट केली, एक लाख चाळीस हजारातला एक लाख तर सोडाच, चाळीसही वाचले.

(हे दहा मिनिटांची चिठ्ठी दाखवून राहिले. हो हो, आवरतो.)

जाता जाता एक, १९४० च्या ओल्ड्समोबिल गाडीत हायड्रामॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला, त्यात पी नव्हताच. इंजिन बंद करून आरमधे टाकायची, तोच ब्रेक. बरं, पळतो.

तर निदान. पहिलं, तुमची ऑटोमॅटिक कोणती ते बघा. सेलेरिओसोबत २०१४ ला आपल्याकडं एएमटी आली, ती आतून मॅन्युअलच, फक्त क्लच आणि गिअर अॅक्चुएटर टाकतो. तिथं आर घेत नसेल तर आधी ब्रेकलाइट लागते का बघा, ब्रेकचा स्विच मेला की ती गिअर घेतच नाही. आता टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून डब्याला देणारी, प्लॅनेटरी गिअरची ऑटोमॅटिक. दिवाही लागला नाही आणि गाडीही हलली नाही तर केबल किंवा स्विच, स्कॅनरवर पी०७०५ हा कोड आला तर त्याच स्विचचं सर्किट. दिवा लागला नाही पण गाडी मागं जाते, तर स्विच किंवा बल्ब. दिवा लागला आणि गाडी हलत नाही, मग डब्याचं ऑइल बघा. सपाट जागा, गरम इंजिन, बहुतेकांत चालू ठेवून पीमधे, काही कंपन्या बंद करून बघायला सांगतात, मॅन्युअल वाचा. काळं आणि जळका वास म्हणजे क्लच घासले.

मग माझी लाडकी टेस्ट. जुन्या चार गिअरच्या बऱ्याच डब्यांत डीच्या (ड्राइव्ह) पहिल्या गिअरला कॅरिअर वन-वे क्लच, म्हणजे एकाच दिशेला फिरू देणारा क्लच, धरतो, म्हणून पुढं गाडी चांगली चालते आणि आपण फसतो. एलमधे (लो) आणि रिव्हर्समधे मात्र कॅरिअर धरायला एकच लो-रिव्हर्स ब्रेक लागतो, तो डब्याच्या आत असतो. एलमधे वीसच्या स्पीडला अॅक्सिलरेटरवरून पाय काढा. इंजिननं गाडी ओढून धरली तर ब्रेक शाबूत, संशय रिव्हर्स क्लचवर. मोकळी पळाली तर ब्रेकच गेला. एनवरून आर टाकल्यावर साधारण दीड सेकंदात धक्का यायला पाहिजे. सकाळी थंड असताना उशीर आणि गरम झाल्यावर ठीक, तर सील कडक झाले. रिव्हर्सला ऑइलचं प्रेशर जास्त लागतं, म्हणून पंप कमजोर किंवा फिल्टर तुंबला की बोंब आधी तिथंच उठते, तिथं गेज लावून मोजायला लावा. स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून ठेवून गिअरमधे पूर्ण अॅक्सिलरेटर द्यायची टेस्ट, घरी करू नका, पाच सेकंदांच्या वर गेली की ऑइल उकळतं.

झालं का? चिठ्ठी परत आली. ज्यांना दिवा बघायचाय त्यांनी बाहेर या, माझी गाडी भिंतीला नाक लावून उभी केलीय, मुद्दाम.