पहिला रविवार, पाच वाजता

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यात लिहिणाऱ्यांना तोटा नाही. जत्रेच्या नाटकाचा प्रवेश बसवून देणारे आहेत, वहीत गुपचूप कविता ठेवणाऱ्या आहेत. फक्त शेजारच्या वाड्यावर कोण लिहितं, ते ठाऊक नसतं. अशा माणसांची गावात दरमहा बैठक कशी धरायची, ते आज सांगायचं आहे.

जागा साधी बघा. गावचं वाचनालय, पंचायतीची खोली, देवळाची अग्रशाळा, म्हणजे यात्रेकरूंच्या उतरायच्या खोल्या. वार एकदाच ठरवा, पहिला रविवार, संध्याकाळी पाच. पुन्हा सांगतो, पहिला रविवार, पाच वाजता. सात वाजता बैठकीतून उठलं तर फोंड्याची, डिचोलीची शेवटची बस मिळते की नाही, हे मात्र आधी तपासा. बस चुकलेला माणूस पुढच्या महिन्यात येत नाही. पहिला रविवार चवथीत किंवा कार्निव्हालात आला, तर बदललेली तारीख आधीच्या बैठकीतच सांगून टाका.

वाचणारे पाच, त्याहून जास्त नकोत. प्रत्येकाला वाचायला सहा मिनिटं, म्हणजे सातशे शब्दांच्या आसपास. त्यावर बोलायला आठ मिनिटं. पाच जणांची सत्तर मिनिटं झाली, वर चहा. मजकुराच्या झेरॉक्स आणायच्या, दोघांत एक. कानाने ऐकताना लांबलचक वाक्य निसटून जातं, कागदावर ते पकडता येतं. बोलताना आधी लक्षात राहिलेली ओळ सांगायची, मग कुठे हरवलो ते. तोवर लेखकाने गप्प बसायचं. हे सगळ्यात कठीण, कारण लेखक लगेच "मला तसं म्हणायचं नव्हतं" म्हणून सुरू होतो आणि आठ मिनिटं त्यातच जातात.

खुर्च्या गोल मांडा. व्यासपीठ नको, समई नको, शाल-श्रीफळ नको. आणि निवेदक तर नकोच! दोन कवितांच्या मधे तिसऱ्याच कवीची चारोळी म्हणणारी ही जमात कुठून उगवली कोण जाणे. मोठी संमेलनं वेगळी. 1930 साली मडगावला मराठी साहित्य संमेलन भरलं, वामन मल्हार जोशी अध्यक्ष होते. त्याचं मोल आहेच. पण मंडप उतरला की माणसं आपापल्या गावी जातात.

टिकणं म्हणजे काय, ते बघायचं तर श्रावणात वास्कोला जावं. तिथला दामोदराचा सप्ताह. नाव सप्ताह, पण अखंड भजन 24 तासांचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावात साथ आली, माणसं भराभर जाऊ लागली. गावकरी जांबावलीला दामोदराला शरण गेले, असं सांगतात. तिथून प्रसादाचा नारळ आणला, घरात पुजला आणि त्याच्यापुढे दिवसरात्र भजन धरलं. साथ ओसरली. पुढे साथ गेली तरी भजन राहिलं. पोर्तुगीज गेले, बंदर वाढलं, गावाचं शहर झालं, भजन चालूच.

आता विचार करा, 24 तास अखंड. एक बुवा कितीही मोठा असो, त्याचा गळा किती पुरेल? म्हणून पाळ्या. एक पथक उठायच्या आत दुसरं टाळ घेऊन बसलेलं असतं, कारण मधे टाळ थांबला तर अखंड कसलं? संध्याकाळी वेगवेगळ्या समाजांचे, व्यवसायांचे पार, म्हणजे भजनाच्या मिरवणुका, वाजतगाजत येतात, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा गायला सगळेच तयार. पण पहाटे तीनची पाळी? पाऊस कोसळतोय, समोर ऐकायला चार माणसं, त्यातली दोन पेंगतायत. ती पाळीही कुणीतरी घेतलेली असते, म्हणून सकाळची पाळी होते. बाहेर फेरी, म्हणजे दुकानांची जत्रा, आठवडाभर चालते, आणि खाजं विकत घ्यायचं तर तिथेच. चर्चच्या फेस्तात घ्या, जत्रेत घ्या, दुकानातल्या पाकिटातल्या खाज्याला ती आल्याची चव नाही.

तर आपल्या बैठकीतही पाळ्या लावा. तीन कामं, किल्ली, चहा आणि घड्याळ. किल्ली, चहा, घड्याळ. दरमहा तिन्हींवर वेगळी माणसं. एकटाच सगळं करतो तिथे सहाव्या महिन्याला तो थकतो आणि बैठक मोडते. जुलैत चारच जण आले तरी बैठक घ्या. तीच आपली पहाटे तीनची पाळी. वाचून झालं की निघून जाणारे कवी असतात, त्यांच्यासाठी उपाय सोपा. क्रम आधी जाहीर करू नका, प्रत्येक वाचनानंतर पुढची चिठ्ठी उचला. खर्चाला माणशी वीस रुपये डब्यात. आणि मराठी की कोंकणी हा वाद दाराबाहेर ठेवा, ज्याला ज्यात लिहायचं त्यात लिहू दे.

राहिली ओळखी जुळवायची गोष्ट. एक जाड वही घ्या, पानावर दोन रकाने, "मला हवं" आणि "मी देईन". जत्रेच्या नाटकाला नवी संहिता हवी, मुखपृष्ठाला चित्र हवं, मुद्रितं तपासून देईन, पेटी वाजवीन. चहाच्या वेळी घड्याळवाल्याने ते पान मोठ्याने वाचायचं, कारण स्वतःहून वही कुणी उघडत नाही. आणि पेन दोऱ्याने वहीला बांधून ठेवा, नाहीतर पहिल्याच रविवारी ते कुणा कवीच्या खिशातून घरी जाईल.

नमस्कार.