भारी रायफल कुठली? आधी बघा, शिपायानं टाकली कुठली

नमस्कार मंडळी. आजचा विषय भांडणाचा आहे, आधीच सांगतो. सैन्याची सगळ्यात भारी रायफल कुठली? चार शौकीन जमले की हा प्रश्न निघतोच, मग एक म्हणतो रशियन एके, दुसरा म्हणतो अमेरिकन एम सोळा, एखादे काका जुन्या ब्रिटिश ली-एनफिल्डचं नाव काढतात आणि पुढचा तासभर कोणी कोणाचं ऐकत नाही. माझं म्हणणं सोपं आहे. रायफल तिच्याच काळात तोलायची, समोरच्याच्या हातात तेव्हा काय होतं ते बघायचं, आणि कंपनी काय म्हणते ते सोडून शिपाई काय करतो तिकडे लक्ष द्यायचं. त्यानं स्वतःची टाकून दुसऱ्याची उचलली का? निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

आता 1866 चं बघा. प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांची लढाई, जागा सादोवा. ऑस्ट्रियन शिपायाकडे लोरेंट्झ, म्हणजे ठासणीची रायफल. वरून दारू ओता, गोळी घाला, गजानं ठासा, मग ठिणगी पाडणारी छोटी टोपी बसवा, आणि हे सगळं करायला बिचाऱ्याला उभं राहावं लागायचं. समोर प्रशियन शिपाई ड्रायसे घेऊन गवतात पालथा पडलेला, मागून बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, उघडतो, कागदाचं काडतूस सरकवतो आणि मारतो, याची एक होईपर्यंत त्याच्या दोन-तीन झालेल्या. खरं तर लोरेंट्झचा पल्ला जास्त होता हो, आणि ड्रायसेच्या मागच्या फटीतून गरम गॅस थेट तोंडावर यायचा. तरी त्या वर्षापुरतं माझं मत ड्रायसेलाच, कारण पडून भरता येणं म्हणजे जीव वाचणं.

पण लगेच चारच वर्षांनी, 1870 च्या प्रशिया-फ्रान्स युद्धात, फ्रेंचांकडे शासपो रायफल होती, रबराच्या रिंगनं गॅस बराच अडवलेला, पल्ला ड्रायसेच्या जवळपास दुप्पट. रायफल त्यांची चांगली आणि युद्ध मात्र तेच हरले, कारण प्रशियनांच्या, क्रुप कारखान्यातल्या पोलादी तोफा लांबून फोडून काढत होत्या. म्हणून जो जिंकला त्याची रायफल भारी, हा हिशोब मला मान्य नाही.

आता माझी आवडती गोष्ट. कॅनडाची रॉस रायफल. बोल्ट वर उचलायची भानगडच नाही, सरळ मागे ओढा, सरळ पुढे ढकला. नेमबाजीच्या मैदानावर तर अप्रतिम, बक्षिसं घेऊन यायची, आणि ती नेली 1915 मध्ये, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या चिखलात. आठ-दहा गोळ्या भराभर मारल्या की रायफल तापायची, ब्रिटिश कारखान्यांतली काडतुसं मापाला जरा मोठी, रिकामी पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, घट्ट अडकायची आणि बोल्ट काही केल्या हलेना. मग दस्ता जमिनीला टेकवून बोल्टच्या मुठीवर बुटाची लाथ. शत्रू समोरून येतोय आणि आपण आपल्याच रायफलीला लाथा घालतोय, विचार करा! शेवटी पोरांनी रॉस फेकून दिल्या आणि मेलेल्या ब्रिटिश शिपायांच्या ली-एनफिल्ड उचलल्या. वरून दम दिला तरी ऐकेनात. सरकारला पटायला 1916 उजाडलं. गंमत म्हणजे काही स्नायपरनी मात्र रॉस सोडली नाही, त्यांना निवांत एकेक गोळी मारायची होती, त्यांच्यासाठी ती सोनंच.

बोल्टच्या जमान्यात म्हणून माझा कौल ली-एनफिल्डला. जर्मन माउझरवाले रागावतील, रागवा. माउझर जास्त मजबूत, जास्त देखणी, कबूल, पण मॅगझिनमध्ये पाच गोळ्या, हिच्यात दहा. माउझरचा बोल्ट 90 अंश उचलायचा, हिचा साधारण 60, त्यामुळे डोकं दस्त्यावरून न उचलता हात चालतो. ब्रिटिश शिपायाकडून 300 यार्डांवर मिनिटाला 15 नेमाच्या गोळ्या मागायचे, आणि मुरलेले गडी त्याच्याही वर जायचे.

पुढची उडी गॅरंडची, 1936 ची अमेरिकन. आठ गोळ्या, बोल्ट ओढायचा नाही, नुसता चाप दाबत राहायचं, आणि समोर जर्मन शिपाई बहुतेक करून अजून बोल्टच ओढतोय. गोळ्यांची क्लिप भरताना अंगठा वेळेत काढला नाही तर बोल्ट असा चावतो की त्या दुखण्याला गॅरंड थम्ब असं नावच पडलं. तरी दुसऱ्या महायुद्धात सगळ्यांना सरसकट देता येईल अशी हिच्या तोडीची दुसरी नव्हती. जर्मनांची श्टुर्मगेवेर 44 कल्पना म्हणून पुढची, छोटं काडतूस, 30 ची मॅगझिन, पण आली फार उशिरा.

आता एके आणि एम सोळा, ज्यासाठी तुम्ही थांबलायत. एके बनवणाऱ्या कलाश्निकोवनं भागांमध्ये मुद्दाम ढिलाई ठेवली, वाळू गेली, माती गेली तरी फिरत राहावं म्हणून, नेम थोडा कमी चालेल. स्टोनरची रायफल, म्हणजे एम सोळा, हलकी, नेमाची, पण व्हिएतनाममध्ये गेली तेव्हा काडतुसातली दारू बदललेली, चेंबरला गंज रोखणारा क्रोमचा मुलामा नाही, आणि हिला साफसफाई फारशी लागत नाही असं सांगून पाठवलेलं, कित्येकांकडे सफाईचं किटसुद्धा नव्हतं. पुंगळी अडकली की शिपाई नळीत पुढून सळई घालून ती ढकलत बसायचा, म्हणजे शंभर वर्षांनी पुन्हा ठासणीच! काही जणांनी तर शत्रूची एके उचलली. बोभाटा इतका झाला की 1967 मध्ये अमेरिकन काँग्रेसनं चौकशी लावली. मग चेंबरला क्रोम आलं, किट आली, आणि सफाई शिकवायला आर्मीनं चक्क रंगीत कॉमिक छापून पोरांना वाटलं. रायफल सुधारली, इतकी की तिचा खानदान अजून चालू आहे.

त्यामुळे मला कोणी विचारलं की एके का एम सोळा, तर मी आधी विचारतो, एम सोळा कुठल्या साली हातात मिळणार? 1966 म्हणालात तर एके द्या. 1970 म्हणालात तर बसा, चहा मागवू, बोलू.